तळहातावरचे लाल ठिपके आणि गोठ्यातील गोचीड



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या वऱ्हाडात नाल्यावर बैल धुतले जातात. खांदे शेकतात, हळद-लोणी लागते. त्या दिवशी घरातल्या पोरांचे एक ठरलेले काम असते. बैलाच्या कानाच्या मुळाशी, गळ्याच्या पोळीत, शेपटीखाली आणि मांडीच्या सांध्यात चिकटलेल्या गोचिडी ओढून काढायच्या आणि दगडावर ठेवून किंवा दोन नखांत धरून फोडायच्या. टचकन रक्त उडते, पोरे हसतात. मीही लहानपणी हे काम केले आहे आणि पोळ्याच्या दिवशी त्याच बोटांनी पुरणपोळी खाल्ली आहे. आज लिहायचे आहे ते या गोचिडीपासून माणसाला येणाऱ्या तापाबद्दल.

कृषी खात्याच्या माणसाने तापाबद्दल लिहावे हा काहींना आगाऊपणा वाटेल. बोंडअळीबद्दल सांगा, तुरीच्या मर रोगाबद्दल सांगा, ताप डॉक्टरांवर सोडा, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. औषध डॉक्टरांनीच द्यायचे. पण हा रोग गोठ्यातून आणि अंगणातल्या कुत्र्यावरून घरात येतो, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर गोठ्याची गोष्ट सांगणे आपल्याच हातात असते. ती आपण सांगत नाही, आणि तेवढ्यासाठी पोरे दगावण्याच्या काठापर्यंत जातात.

या तापाला डॉक्टर लोक 'स्पॉटेड फीवर' किंवा 'इंडियन टिक टायफस' म्हणतात. आपण सोयीसाठी गोचीडताप म्हणू. टायफस हा शब्द ऐकून टायफॉइड समजू नका. टायफॉइड दूषित पाण्यातून व अन्नातून होतो. गोचीडतापाचे जंतू रिकेट्सिया नावाच्या कुळातले, अतिशय सूक्ष्म, आणि ते गोचिडीच्या पोटात राहतात. कुत्र्याच्या अंगावर जी तपकिरी गोचीड असते ती या रोगाची मुख्य वाहक मानली जाते. जंतू असलेल्या मादीने घातलेल्या अंड्यांतही ते उतरतात, म्हणजे नुकते जन्मलेले पिल्लूही रोग घेऊनच बाहेर पडू शकते.

हा काही नवा रोग नाही. इंग्रजी अमदानीत मेगॉ नावाच्या लष्करी डॉक्टरने गोचिडीपासून येत असावा अशा टायफससारख्या तापाबद्दल १९२१ साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिले होते. पुढे बराच काळ असा समज राहिला की तो डोंगराळ जंगलातला आजार आहे, काळ्या मातीच्या सपाट मुलखाशी त्याचा संबंध नाही. आपल्याच अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि डॉ. आकांक्षा राठी यांनी २०१० व २०११ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय मासिकात या कुळातल्या तापांवर लेख लिहिले. मध्य भारतातल्या मुलांत हा ताप लवकर कसा ओळखावा यासाठी त्यांनी गुण देण्याची एक पद्धत सुचविली. घर खेड्यात आहे काय, घरी जनावरे आहेत काय, गोचिडीशी संबंध आला काय, पुरळ तळहातावर व तळपायावर आहे काय, अशा गोष्टींना तीत गुण आहेत. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत. ती आईबापांकडेच असतात.

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी पूर्णेच्या काठच्या एका गावात तुरीच्या प्रात्यक्षिकासाठी माझे जाणेयेणे होते. गावाचे नाव सांगत नाही. ज्या कास्तकाराच्या वावरात प्रात्यक्षिक होते त्याच्या घरी गेलो तर म्हातारी दारातच म्हणाली, "साहेब, पोराले माता निंगाली. तुमी वसरीतच बसा." दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला होता. सहा-सात वर्षांचा नातू बाजेवर तापाने फणफणत पडला होता. मी वसरीतूनच डोकावलो. त्याचा हात बाजेखाली लोंबत होता आणि तळहातावर लाल ठिपके दिसत होते. बाजेखाली घरचे कुत्रे झोपले होते, त्याच्या कानात गोचिडींचा घोसच्या घोस. मी दोन्ही गोष्टी पाहिल्या. बीएस्सी ॲग्रिकल्चर झालेला माणूस मी, आणि म्हणालो, "गोवर दिसतो, जपा." चहा घेतला आणि तुरीकडे गेलो.

त्याआधी तालुक्याच्या एका दवाखान्यात पोराला दोन इंजेक्शने टोचून आणली होती. ताप उतरला नव्हता. माता आली म्हटल्यावर तेही औषध बंद झाले. चौथ्या दिवशी पोरगा बरळू लागला, पाय सुजले, ठिपके काळपट झाले आणि कानाची एक पाळी निळी पडली. मग रात्री गाडी करून अकोल्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी अंग तपासता तपासता पहिलाच प्रश्न विचारला, "घरी ढोरे, कुत्रे आहे का?" बापाने हो म्हटले. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. पोरगा वाचला. कानाच्या पाळीचा तुकडा मात्र काळा पडून झडला. आज तो कॉलेजात जातो आणि केस कानावर येतील असे वाढवतो. त्याला पाहिले की मला तो चहा आठवतो.

पुरळ कसे ओळखावे

ताप अचानक येतो आणि जोराचा येतो. डोके ठणकते, अंग मोडून येते, पोटऱ्या दुखतात. लहान मुले डोकेदुखी सांगू शकत नाहीत, ती चिडचिडी होतात, खात नाहीत, कधी उलट्या करतात. डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत अंगावर काहीच दिसत नाही, आणि इथेच फसगत होते.

साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुरळ उठते. मनगट आणि पायाचे घोटे येथे ते बहुधा आधी दिसते. मग तळहात, तळपाय, आणि हातापायांवरून धडाकडे पसरते. सुरुवातीला सपाट किंवा किंचित उंच लाल ठिपके असतात. बोटाने दाबले तर लाली जाते, सोडले की परत येते. रोग वाढला की दाबूनही लाली जात नाही, कारण कातडीखाली रक्त झिरपलेले असते. मग ते ठिपके जांभळे, काळपट होतात. पायावर, चेहऱ्यावर सूज येते. बोटांची टोके, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा येथे रक्त पोहोचेनासे होऊन ते भाग काळे पडू शकतात. मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुस यांनाही धोका असतो.

आपली कातडी सावळी, घरात उजेड कमी. पाठीवरचे किंवा पोटावरचे लाल ठिपके दिव्याच्या उजेडात दिसतही नाहीत. तळहात आणि तळपाय मात्र सर्वांचेच उजळ असतात. म्हणून अंगात ताप असलेल्या मुलाला दिवसा दारात, उन्हाच्या उजेडात आणा आणि त्याचे तळवे पाहा. पाय मातीने भरले असतील तर धुऊन पाहा. हे रोज करा, कारण काल नव्हते ते आज उठू शकते.

गोवरातही ताप आणि लाल पुरळ असते. पण गोवरात नाक वाहते, खोकला असतो, डोळ्यांतून पाणी गळते, आणि पुरळ कानामागून व कपाळावरून सुरू होऊन खाली उतरते. गोचीडतापाचे बहुधा हातापायांकडून सुरू होऊन आत जाते. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड असतात. देवीचा रोग तर जगातून संपला असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० सालीच जाहीर केले, तरी 'माता आली' हा शब्द आपल्याकडे अजून चालतो आणि त्याबरोबर औषध बंद करण्याची चालही. मायबहिणींनो, तुमच्या श्रद्धेवर मी बोलत नाही. डहाळा लावा, पोराला शांत ठेवा, पण डॉक्टरांचे औषध बंद करू नका. गोवर असला तरी त्यालाही डॉक्टर लागतोच.

डेंग्यूची गोष्ट आणखी अवघड. अंगदुखी, डोकेदुखी, पुरळ, रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होणे, हे सगळे दोन्हींत होते. तो फरक घरी बसून करता येणार नाही. तुमचे काम एवढेच की डॉक्टरांपुढे गोचिडीचे नाव काढायचे.

कारण नेहमीच्या तापाला दिली जाणारी बरीच प्रतिजैविके, पेनिसिलिनच्या कुळातली किंवा हल्ली इंजेक्शनमधून सर्रास दिली जाणारी, या जंतूंवर चालत नाहीत. चालते ते डॉक्सीसायक्लिनसारखे औषध. ते महागडे नाही. ते वेळेत पडले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. रक्ताची तपासणीही सुरुवातीला खात्रीची नसते. वाइल-फेलिक्स नावाची १९१६ सालापासूनची जुनी चाचणी आहे, पण ती साधारण आठवडा उलटल्यावर बोलू लागते. म्हणून जाणते डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता संशयावरूनच औषध सुरू करतात. आणि संशय कशावरून यावा? तुम्ही सांगितल्यावरून. मात्र हे वाचून कोणी मेडिकलच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. मुलाचे वजन, गरोदरपण, दुसरे आजार पाहूनच डॉक्टर औषध व मात्रा ठरवतात.

"पण साहेब, गोचीड चावल्याचे तर आठवत नाही," असे पुष्कळजण म्हणतात. आठवणार नाहीच. तिचा चावा दुखत नाही. लहान अवस्थेतली गोचीड तिळाएवढी किंवा त्याहून बारीक असते, केसांत किंवा कानामागे चिकटते, रक्त पिऊन गळून पडते. ताप साधारण आठवड्याने येतो, तोवर सगळे विसरलेले असते. चावा आठवत नसला तरी घरी ढोरे, शेळ्या, कुत्रे आहेत आणि त्यांच्यावर गोचिडी आहेत, एवढे सांगणे पुरे.

काळी खपली

याच कुळातला दुसरा ताप २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात, विशेषतः नागपूरकडे, गाजला. तो स्क्रब टायफस. तो गोचिडीपासून होत नाही, झुडपांत आणि उंच गवतात राहणाऱ्या चिगर नावाच्या कोळी-किड्याच्या पिल्लापासून होतो. हे पिल्लू डोळ्यांना दिसते न दिसते एवढे. शेतातल्या उंदरांवर ते पोसते आणि निंदायला बसलेल्या किंवा धुऱ्यावर गवत कापणाऱ्या माणसाच्या अंगावर चढते. हा ताप साधारण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत जास्त.

त्याची खूण म्हणजे चावलेल्या जागी उठणारी काळी खपली. बिडीने चटका दिल्यासारखी, मध्ये काळी, भोवती लालसर कडा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लक्ष जात नाही. आणि ती असते कुठे? काखेत, जांघेत, कमरेला परकराची नाडी बसते तिथे, छातीखाली, मानेवर केसांच्या कडेला. आमच्या निंदणाऱ्या बाया डॉक्टरला तोंड, जीभ आणि हाताची नाडी दाखवून परत येतात. लाजेने खपली दाखवत नाहीत, आणि कोणी विचारतही नाही. ताप तीन दिवसांवर गेला असेल तर घरातल्या जाणत्या बाईने तिचे अंग उजेडात नीट पाहावे. तसे काही दिसले तर गावच्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना दाखवावे आणि त्यांना बरोबर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. प्रत्येकाला खपली येतेच असे नाही, पण आली तर रोग ओळखायला तिच्याएवढी चांगली खूण दुसरी नाही. यावरही तेच औषध चालते.

निंदणाला जाताना अंगभर कपडे घाला. काढलेले कपडे गवतावर टाकू नका, धुऱ्यावरच्या गवतात आडवे होऊ नका, आणि घरी आल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे धुवायला टाका.

हल्ली मोबाइलवर आणखी एक चित्र फिरते. मध्ये लाल ठिपका, भोवती लाल कडे. ते अमेरिकेतल्या लाइम रोगाचे. तिकडच्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावात १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून हे नाव. तोही गोचिडीचाच रोग आहे, पण आपल्या वऱ्हाडात सहसा पाहायला मिळत नाही. मोर्शीकडचा एक संत्रा बागायतदार मांडीवरचे असेच कडे घेऊन घाबरून माझ्याकडे आला होता. ते निघाले गजकर्ण. गजकर्ण खाजते, त्याची कड खवल्यांची असते आणि त्याने ताप येत नाही. लाइमच्या कड्याला बहुधा खाज नसते आणि ते दिवसेंदिवस पसरत जाते. सिंधुदुर्गात २०१६ पासून दिसलेला माकडताप हाही गोचिडीचाच, पण तो तिकडच्या जंगलपट्टीचा. आपण आपल्या तळहाताकडे आणि काळ्या खपलीकडे लक्ष ठेवू.

अंगाला चिकटलेली गोचीड

ओढून तोडायची नाही, बिडीचा चटका द्यायचा नाही, रॉकेल, चुना, तंबाखू काही लावायचे नाही. डिवचली गेलेली गोचीड जखमेतच लाळ टाकते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ, तिच्या तोंडाशी धरून सरळ वर, सावकाश ओढावी. जागा साबणाने धुवावी. काढलेली गोचीड नखाने फोडू नये. तिच्या पोटातला रस बोटावरच्या चिरेतून किंवा डोळ्यात गेला तरी रोग होऊ शकतो. चिकटपट्टीत गुंडाळून टाकावी, नाही तर साबणाच्या पाण्याच्या डब्यात बुडवावी. पोळ्याला पोरांच्या हातात दगड देण्याऐवजी असा डबा द्या. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना सांगता येते.

आता गोठा. हे माझ्या धंद्यातले.

रक्त पिऊन फुगलेली मादी जनावरावरून गळते आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या सांध्यात, दगडांच्या फटीत जाऊन दोन-चार हजार अंडी घालते. म्हणून नुसते जनावर धुऊन भागत नाही. भेगा बुजवा, भिंतींना चुना द्या, शेणकचरा गोठ्यालगत साचू देऊ नका. गावरान कोंबड्या दिवसा गोठ्यात मोकळ्या सोडा, त्या गोचिडी टिपून खातात. जर्सी किंवा होलस्टीन संकरित गाई ज्यांच्याकडे आहेत त्यांचा यात दुहेरी फायदा आहे, कारण त्यांना थायलेरियाचा ताप याच जिवामुळे येतो आणि त्यात दुभती गाय हातची जाते.

कुत्र्याला विसरू नका. वऱ्हाडात कुत्रे कोणाच्याच मालकीचे नसते आणि सगळ्यांच्या अंगणात असते. ढोरांना औषध लागते, कुत्र्याला कोणी लावत नाही, आणि पोरे त्याच्याच गळ्यात पडून खेळतात. ढोरांबरोबर त्याच दिवशी कुत्र्यालाही पशुवैद्यकाने सांगितलेले औषध लावा. निदान त्याची झोपायची जागा पोरांच्या बाजेखालून हलवा.

एक धोक्याची सूचना. कपाशीवर फवारायचे औषध जनावराच्या अंगावर कधीही वापरू नका. उरलेली बाटली आहे, पाण्यात चार थेंब टाकून पुसून घेऊ, असे करणारे लोक मी पाहिले आहेत. जनावर अंग चाटते आणि तोंडाला फेस येऊन पडते, पुसणाऱ्याच्या हातातूनही ते विष अंगात जाते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उजाड झाली, हे वेगळे सांगायला नको. गोचिडींसाठी वेगळी औषधे मिळतात. ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून, मात्रा विचारून आणा. दुभत्या गाईला औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरायचे नाही हेही विचारा. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावण्यासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. माणूस अत्यवस्थ झाला तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

औषध एकदाच लावून थांबू नका. फटीत घातलेली अंडी त्या औषधाने मरत नाहीत आणि काही आठवड्यांत नवी पिल्ले भिंतीवरून चढू लागतात. पशुवैद्यकांना विचारून, साधारण दोन ते तीन आठवड्यांनी, गोठ्यातले एकही जनावर न वगळता, भिंतींसकट आणि कुत्र्यासकट, दुसरी पाळी द्या.